नऊ बारचा नाद: घरच्या एस्प्रेसोच्या नोंदी

८ जून

मशीन आलं. सेकंड हँड आहे, पुण्यात एकजण घर बदलत होते त्यांनी विकायला काढलेलं. इटालियन, सिंगल बॉयलर (कॉफीला आणि वाफेला एकच), ५८ एमएमचा जड पितळी पोर्टाफिल्टर (पुडीची वाटी धरणारा दांड्याचा भाग), तीन बटणं, एक वाफेची नळी, संपलं. स्क्रीन नाही, टच नाही, म्हणूनच घेतलं. चार स्क्रू काढले की आतलं सगळं समोर दिसतं आणि जे दिसतं ते आपल्याकडं दुरुस्त होतं, कोल्हापुरात तर होतंच.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५ बार' छापलंय, बार म्हणजे दाबाचं माप. हे १५ बार म्हणजे आतल्या व्हायब्रेशन पंपाची कमाल ताकद, म्हणजे पाण्याला कुठंच वाट मिळाली नाही तर पंप तिथवर दाब चढवू शकतो एवढंच. एस्प्रेसोला लागतात ९ च्या आसपास. पंधरा म्हणजे नवापेक्षा भारी हे पिल्लू विकणाऱ्यांनी सोडलेलं आहे आणि आता वीसवाली मशीनंपण बाजारात दिसायला लागल्यात, पुढच्या वर्षी तीस आणतील.

ही वही एवढ्यासाठी की प्रत्येक वेळी पूड किती, कपात किती उतरलं, किती सेकंद लागले आणि चव कशी होती, हे लिहून ठेवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फौंड्रीत मेंटेनन्सला असल्यामुळं ही सवय अंगात आहे, घरी चालती का बघू.

१० जून

काटा घेतला. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमवर उड्या मारतो, तो कामाचा नाही. गुजरीकडं गेलो, सोनारांना काटे विकणारे तिथं बसतात. ते म्हणाले, "काय तोलणार?" म्हणलं कॉफी. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडं बघितलं आणि आधी ०.०१ ग्रॅमचा काढला. म्हणलं एवढं सोनं नाही त्यात, ०.१ चा द्या. पण त्याची थाळी एवढी असायला पाहिजे की कप ठेवून वर आकडा दिसावा, म्हणून घरातला कपच खिशात घालून नेला होता, तो ठेवून बघितला, मग घेतला.

सुरुवातीचं माप जगभर चालतं तेच: १८ ग्रॅम पूड आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, २५ ते ३० सेकंदांत. मिलिलिटरमध्ये मोजायचं नाही, कारण ताज्या दाण्यांची क्रेमा, म्हणजे वरचा तांबूस फेस, कप भरून दाखवती आणि खाली कॉफी निम्मीच असती. वजनाला फेस फसवत नाही.

१३ जून

ग्राइंडर. हँड ग्राइंडर घेतला, कोनिकल बरवाला (दळायला शंकूसारखं दातेरी चाक असलेला), क्लिकक्लिकवर बारीक-जाड करता येणारा. मशीनच्या जवळजवळ निम्मे पैसे त्यालाच गेले आणि घरात विषय झाला. आई म्हणाली, "आरं मिक्सर हाय की, त्यात फिरीव. हाताला कशाला तरास?"

म्हणलं, तू वर्षाची चटणी मिक्सरला का करत नाहीस? डंकावरच का नेतीस?

"मिक्सरला गरम हुती, आन् एकसारखी हुईत न्हाई."

मग झालं की, तेच म्हणणं माझं. मिक्सरचं पातं दाणे तोडतं, दळत नाही, त्यामुळं निम्म्याचं पीठ होतं आणि निम्म्याचे तुकडे राहतात. पीठातून कडू उतरतं, तुकड्यांतून आंबट, आणि दोन्ही एकाच कपात येतं, मग तुम्ही मशीन कुठलंपण आणा. हे तिला पटलं, पैशाचं नाही पटलं.

१६ जून

दाणे मागवले. चिकमगळूरकडचे, अरेबिका, मीडियम रोस्ट. येमेनहून बाबा बुदान सात बिया लपवून घेऊन आले आणि ज्या डोंगरावर लावल्या म्हणतात त्याच बाबा बुदनगिरीच्या उतारावरचा मळा आहे, वाण एस-७९५. पाकिटावर रोस्टची तारीख आहे हे महत्त्वाचं. जिथं फक्त 'एक्स्पायरी' लिहिलीय तिथून घेत नाही.

तारीख परवाची आहे त्यामुळं लगेच फोडायचं नाही. भाजल्यावर दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस निघत राहतो, फार ताज्या दाण्याचा शॉट (एका वेळची एस्प्रेसो) नुसता फसफसतो आणि पाणी पुडीत नीट शिरत नाही. आठ-दहा दिवस तसंच ठेवतो. आणि हो, चिकोरीवाली फिल्टर कॉफी पावडर यात टाकायची नाही, शेजारच्या काकांनी प्रेमानं आणून दिली होती पण चिकोरी पाण्यात चिकट होऊन बास्केटची, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या पुडीच्या वाटीची, भोकं बुजवती. ती आम्ही पितळी फिल्टरला वापरली, मस्त झाली.

२५ जून

पहिले शॉट. १८ ग्रॅम, बारा सेकंदांत ३६ ग्रॅम धो-धो खाली. फिक्कट, आंबट, जिभेच्या कडेला चरचर. चार क्लिक बारीक केलं. आता पंप घुं-घुं करतोय आणि कपात थेंब-थेंब, पन्नास सेकंद झाले तरी वीस ग्रॅमच. काळं, कडू, तोंड कोरडं पाडणारं. दोन क्लिक मागं. सत्तावीस सेकंद. आता पिण्यासारखं.

मशीनला या तिन्हीत हातपण लावलेला नाही. पंप तोच, बटण तेच. दाब पंपानं द्यायचा असला तरी तो उभा राहतो पुडीच्या अडवण्यावर, पूड जाड असली तर पाणी सरळ निघून जातं आणि दाब चढतच नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की १५ बार, २० बार या जाहिरातींचं काहीच वाटत नाही.

२८ जून

आज वाट्यांचा खेळ. एकच शॉट, पण दर पाच-सहा सेकंदांनी खालची वाटी बदलायची. हिनं वाट्या सरकवल्या, मी बटण आणि घड्याळ सांभाळलं. जेवणातल्या स्टीलच्या छोट्या वाट्या ओळीनं मांडल्या.

पहिली वाटी: काळपट, मधासारखी घट्ट, आणि चव इतकी आंबट-खारट की हिनं तोंडच फिरवलं. दुसरी: अजून घट्ट, आंबटपणा आहे पण गोडी आली, सगळ्यांत जोरकस हीच. तिसरी: तांबूस, कडवट-गोड, चॉकलेटकडं जाणारी. चौथी: पातळ, हलकी कडू, चहा पाण्यात वाढवल्यावर लागतो तशी बेचव कड. पाचवी: पिवळं पाणी, वास भाजक्या लाकडाचा, पिऊन काही उपयोग नाही.

मग सगळ्या वाट्या एका कपात ओतल्या आणि ढवळून प्यायलो, आणि छान लागली! पहिल्या वाटीतला आंबट चौथीतल्या कडूशिवाय एकटा पिववत नाही, आणि चौथी पहिलीशिवाय नुसती पाणचट. म्हणून आंबट लागलं तर अजून थोडं उतरू द्यायचं किंवा बारीक दळायचं, कडू लागलं तर लवकर थांबवायचं किंवा जाड करायचं. ज्याला एस्प्रेसो शिकायचाय त्यानं व्हिडिओ बघण्याआधी हा एक शॉट वाया घालवावा. क्रेमा वेगळी चमच्यानं चाखली तर तीपण कडूच, दिसायला फक्त देखणी. म्हणून मी पिण्याआधी ढवळतो.

२ जुलै

उद्यमनगर. पोर्टाफिल्टरच्या खालच्या दोन तोट्या आणि तळ कापून उघडा करायचा होता, म्हणजे बास्केटची जाळी खालून सरळ दिसती आणि पाणी कुठून कसं येतंय ते कळतं. विकत मिळतो असला, पण जुना एक जास्तीचा मशीनबरोबर आलेलाच होता, मग लेथ कशाला आहेत गावात.

मिस्त्री म्हणाले, "हे कशाचं म्हणायचं वो?"
"कॉफीच्या मशीनचं."
"पितळ हाय चांगलं. आन् असं चांगलं काम मोडायचं कशाला?"
"खालनं बघायचंय मामा, धार कशी पडती ते."
"धार बघून काय करणार?"

उत्तर द्यायच्या आत त्यांनी तो चकमध्ये धरलापण. दांडा वाकडा असल्यामुळं फिरताना तोल राहीना म्हणून अगदी कमी स्पीडला लावला, बोअरिंग टूल हळूहळू आत नेलं, पितळेचा सोनेरी भुगा सगळ्या बेडवर. आतला व्यास बास्केटपेक्षा जरासा कमी ठेवला म्हणजे कडेला आधार राहतो. शेवटी एमरी पेपर मारून धार मोडली, बोट फिरवून बघितलं, आणि पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांगा दोन."

घरी लावला. पहिल्याच शॉटला डाव्या बाजूनं पिचकारी उडाली आणि भिंतीवर डाग. म्हणजे पुडीत तिथं फट आहे, पाणी सोपी वाट धरून तिथूनच पळतंय आणि बाकीची पूड कोरडीच. बंद पोर्टाफिल्टरमध्ये हे कधीच कळलं नसतं, कपात फक्त 'आज कशी तरी झाली' एवढंच येतं.

४ जुलै

पिचकारीचा बंदोबस्त. ०.४ एमएमच्या पातळ सुया जुन्या लाटण्याच्या मुठीत बसवल्या, त्यानं बास्केटमधली पूड तळापासून ढवळायची, गुठळ्या मोडायच्या, मग सपाट दाबायची. पिचकाऱ्या जवळजवळ बंद.

दाबायचं किती याच्यावर लोक भांडतात, पंधरा किलो का वीस किलो. हिशोब मांडला: ५८ एमएमच्या बास्केटचं क्षेत्रफळ २६.४ चौरस सेंटिमीटर, त्यावर ९ बार म्हणजे २४२ किलोचा भार, अडीच क्विंटलाला थोडा कमी. पंप एवढा दाबणार असेल तर माझ्या मनगटानं दोन किलो कमी-जास्त दिले त्यानं काय फरक पडतोय. टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) तिरका होऊ द्यायचा नाही, बास. तिरका झाला तर पातळ बाजूनं पाणी धावतं.

९ जुलै

आज खरं काम, दाब.

पोर्टाफिल्टरच्या तोटीचे आटे थ्री-एट्थ बीएसपी (पाइपच्या आट्यांचं माप) निघाले, गेज मिळाला वन-फोर्थचा, मधला ॲडॉप्टर परत त्याच मिस्त्रींकडून. गेजवर किलो आणि पीएसआय दोन्ही आहेत, ९ बार म्हणजे साधारण १३० पीएसआय, आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरलं तर बारपेक्षा किंचितच जास्त, त्यामुळं आपल्याला तेच वाचायला सोपं.

पंप चालू केला, काटा सरसर चढत १३ च्या पुढं जाऊन थरथरत उभा. म्हणजे एवढे दिवस पूड तेरा-साडेतेरा बार खात होती. असल्या दाबाला पूड इतकी आवळती की पाणी एकसारखं जायच्या ऐवजी भेग पाडून जातं, पिचकाऱ्यांचं अर्धं मूळ हेच.

पंपाच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो, ओपीव्ही, जास्तीचा दाब झाला की तो उघडतो आणि पाणी नळीनं परत टाकीत सोडतो. आत स्प्रिंग आहे, तिच्यावरचा स्क्रू ॲलन कीनं सैल केला की तो लवकर उघडतो. प्लग भिंतीतून काढून, पाव-पाव फेरी, परत गेज. काटा १० वर आणून ठेवला. ९ वर नाही, कारण गेज लावला की पाणी बाहेर पडत नाही, खरा शॉट वाहत असताना दाब त्याहून साधारण एक बार कमी असतो.

आणि हा नऊचा आकडा कुठल्या ग्रंथात लिहून ठेवलेला नाही. १९०१ ला मिलानच्या लुइजी बेझेराच्या मशीनमध्ये वाफेनं पाणी ढकलायचे, त्याला जेमतेम दीड-दोन बार दाब, त्या कॉफीला क्रेमाच नव्हती. मग आकिले गॅजियानं १९४८ च्या सुमाराला दांडा आणि स्प्रिंगवालं मशीन बाजारात आणलं, स्प्रिंगनं दाब एकदम वर गेला आणि कपावर पहिल्यांदा तो तांबूस फेस आला. लोकांना हे काय तरंगतंय म्हणून शंका यायला लागली तर त्यानं तेच नाव करून विकलं, 'क्रेमा कॉफी'. १९६१ ला फाएमाच्या ई-६१ नं इलेक्ट्रिक पंप लावला आणि नऊ बार तिथनं पक्का बसला. त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण होतं, मशीनच्या नावातला 'ई' ग्रहणाचा आणि ६१ सालाचा. मला ही माहिती लय आवडली, आपल्याकडं ग्रहणात चूल बंद आणि तिकडं मशीन काढलं.

नंतरचा शॉट: त्याच क्लिकला तेवीस सेकंद, एक क्लिक बारीक केल्यावर एकोणतीस. खालून धार मधोमध एकच, शेपटीसारखी, पिवळी पडेपर्यंत तुटली नाही. गोडी स्पष्ट वाढली. एवढ्या सगळ्यात सगळ्यांत स्वस्त काम हेच आणि फरक सगळ्यांत मोठा.

१५ जुलै

चार दिवस पाऊस थांबायचं नाव नाही. सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचे फूट-इंच बघालंय, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, आणि मी बारा वाजता गेज बघत बसलोय म्हणून हिनं ऐकवलं.

तेच दाणे, तोच क्लिक, शॉट चाळीस सेकंदांच्या पुढं. हवेत ओल आहे, पूड ओल धरती आणि फुगती. दोन क्लिक जाड केल्यावर परत एकोणतीस. एरवी पाकीट जुनं होईल तसं शॉट पळायला लागतो आणि बारीक करत जावं लागतं, इथं उलटं झालं. दाणे आता दहा-दहा दिवसांच्या हवाबंद डब्यांत भागून ठेवलेत आणि दळायचे तेवढेच बाहेर काढतो. पावसात एक फायदा, स्टॅटिक नाही. मार्चमध्ये याच ग्राइंडरमधून पूड ओट्यावर उडेल बहुतेक, तेव्हा दाण्यांवर पाण्याचा एक फवारा मारायचा.

१९ जुलै

पाणी. यावर जास्त लिहिणार नाही, पण कपात नव्वद टक्के तेच असतं.

आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं, गिझरची कॉइल पांढरी होऊन निघती, ते या एवढ्याशा बॉयलरमध्ये जाऊ द्यायचं नाही. पुराच्या दिवसांत नळाचं गढूळ येतं. आणि नुसतं आरओचं घातलं तर कॉफी सपाट लागती, कारण चव ओढून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात, शिवाय इतकं रिकामं पाणी धातूलाही चांगलं नाही. कॉफीवाले १५० टीडीएसच्या (लिटरमागं विरघळलेले मिलिग्रॅम क्षार) आसपास धरतात, ७५ ते २५० चालतं.

मी काय केलं, डिस्टिल्ड पाण्यात लिटरमागं ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. सोनाराच्या काट्याला १० लिटरचं एक ग्रॅम मोजता येतं, म्हणजे कॅन भरून ठेवायचा. क्षार बसतच नाही, डीस्केलचा विषय संपला. चव बोअरपेक्षा स्वच्छ, आरओपेक्षा भरीव.

२४ जुलै

तापमान. आधी थर्मामीटर खरा बोलतोय का ते तपासायला उकळत्या पाण्यात घातला, ९८ दाखवतोय. दुकानात परत करायचा नाही, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं पाणी ९८ लाच उकळतं. बरोबर बोलतोय.

मशीनमध्ये बाय-मेटलचा थर्मोस्टॅट आहे, तो टक करून बंद होतो आणि पार थंड झाल्यावर टक करून चालू. बॉयलर शंभरेक मिलीचा, त्यामुळं आत तापमान दहा-पंधरा डिग्री खाली-वर नाचतं. दिवा लागल्या लागल्या काढलेला शॉट आणि दिवा विझल्यावर काढलेला शॉट, जमीन-अस्मानाचा फरक. लोक दिवा विझला की सेकंद मोजून बटण दाबतात, मीपण दोन आठवडे तेच केलं, जमतं, पण सकाळी साडेसहाला शिरोलीची बस पकडायची असताना कोण मोजत बसणार.

आमच्या फौंड्रीत भट्ट्यांना पीआयडी आहेत, म्हणजे तापमान एका आकड्यावर धरून ठेवणारे कंट्रोलर. तोच लावायचा.

२ ऑगस्ट

पीआयडी बसवला. सामान सगळं गावातच मिळालं: कंट्रोलर, पीटी-१०० सेन्सर (तापमानाचा), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले), हीटसिंक, सिलिकॉनची वायर. के-टाइप थर्मोकपल पण चालला असता, पण तो भट्टीच्या हजार डिग्रीचा गडी, इथं अर्ध्या डिग्रीवर भांडायचंय म्हणून पीटी-१००.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, हीटर चौदाशे वॉटचा, २३० व्होल्टला सहा अँपिअर खातो, म्हणून २५ अँपिअरचा एसएसआर आणि तो हीटसिंकवरच, नुसता चिकटवायचा नाही. दोन, एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे हीटर बंदच होत नाही. त्यासाठी बॉयलरवरचा मूळचा थर्मल फ्यूज काढायचा नाही, तो सिरीजमध्ये तसाच राहू द्यायचा. अर्थिंग टेस्टरनं बघूनच झाकण लावलं. विजेचं काम येत नसेल तर वायरमन बोलवा, यात हिरोगिरी नको.

वाफेच्या थर्मोस्टॅटला हात लावला नाही.

बाहेरच्या अंगाला सेन्सर १०४ दाखवतो तेव्हा बास्केटमध्ये पडणारं पाणी ९३ च्या आसपास येतंय. हा फरक प्रत्येक मशीनला वेगळा, माझा आकडा उचलू नका, मोजा. मशीन वीस-पंचवीस मिनिटं तापू द्यायचं, बॉयलर लवकर तापतो पण ते पितळेचं जड तोंड आणि पोर्टाफिल्टर तापायला वेळ लागतो. टायमरचा प्लग लावलाय, मी उठायच्या आधी चालू होतो.

आता ९१, ९३, ९५ असे एकाच दाण्याचे शॉट काढता येतात. ९१ ला आंबट पुढं येतं, ९५ ला कडवट. या मीडियम रोस्टला ९३ बरोबर बसतंय. पुढं गडद रोस्ट आणला तर ९० कडं नेणार.

३ ऑगस्ट

लाइट गेली. नोंद एवढीच.

१० ऑगस्ट

दूध. घरातल्या बाकीच्यांना काळी कॉफी नको, त्यांना कॅपुचिनो पाहिजे, आणि कोल्हापुरात दूध म्हणजे म्हशीचं. व्हिडिओत सगळे गाईचं दूध वापरतात, साडेतीन-चार फॅटचं. आमच्याकडं पिशवीतलंच सहा फॅट.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं समोर पिळलेलं दूध आणून बघितलं, आबांची फर्माइश होती. त्याला फॅट अजून जास्त, आणि कच्चं असल्यामुळं उकळावं लागतंच, उकळून गार केल्यावर साय गाळून घेतली तरी फेस जाडा आणि बुडबुड्याचा आला, पाच मिनिटांत बसला. पिशवीतलं पाश्चराइज्ड म्हशीचं दूध, न उकळता, फ्रीजमधून थेट जगमध्ये, हे सगळ्यांत चांगलं चाललं. फेस धरून ठेवतात प्रोटीनं, म्हशीच्या दुधात ती गाईपेक्षा जास्तच, फॅटमुळं फक्त तो जड होतो, म्हणून हवा थोडी जास्त वेळ आत घ्यायला लागती.

पद्धत: वाफेच्या नळीतलं पाणी आधी काढून टाकायचं. टोक दुधाच्या अगदी वरच्या पातळीला, कागद फाडल्यासारखा च्-च् आवाज आला पाहिजे, जग हाताला कोमट लागेपर्यंत. मग टोक थोडं आत आणि कडेला, दूध गरगर फिरायला लागतं आणि मोठे बुडबुडे त्यात मोडून जातात. जगला हात टिकेना झाला की बंद, साधारण ६० ते ६५ डिग्री. त्याच्या पुढं गेलं की उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि गोडी जाती.

आबांनी प्यायले आणि म्हणाले, "चांगलंय. साखर घाल." घातली.

२१ ऑगस्ट

रोबस्टा. नाक मुरडणारे मुरडू देत. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीतली साधारण सत्तर टक्के रोबस्टाच आहे, आणि भारतीय कॉफीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक इटली. म्हणजे नेपल्सच्या बारमध्ये लोक जे पितात त्यात कूर्गचा दाणा असतो आणि आपण इकडं शंभर टक्के अरेबिकाचा तोरा मिरवतो.

नीट धुतलेला, चांगला निवडलेला रोबस्टा वेगळा मागवला आणि स्वतः मिसळला. दहा टक्क्याला फरक कळेना. वीसला क्रेमा जाड, अंग भरीव, दुधात कॉफीची चव हरवत नाही. चाळीसला जळक्या रबराकडं जायला लागली आणि कॅफिन इतकं की रात्री एकपर्यंत डोळा लागला नाही, अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं त्यात. म्हशीच्या दुधाला वीस टक्के हे माझ्या जिभेचं मत. काळी प्यायची तर नुसता अरेबिका.

५ सप्टेंबर

पोर्टाफिल्टरच्या कडेनं पाणी झिरपत होतं. ग्रुपचं (पोर्टाफिल्टर अडकतो त्या मशीनच्या तोंडाचं) रबरी गास्केट काढलं, वाळून दगड झालेलं, स्क्रू-ड्रायव्हरनं तुकड्यात निघालं. खोबणीत वर्षानुवर्षाची कॉफी जमलेली, मागच्या मालकांची. ती खरवडली, नवीन गास्केट बसवलं, आतली जाळी काढून गरम पाण्यात सोडा घालून भिजवली तर पाणी चहासारखं काळं. त्यानंतरच्या कपात मागं राहणारी ती एक खवट चव होती, ती गेली. रोज शेवटच्या शॉटनंतर कोरं पाणी सोडून ब्रश मारायचा, आठवड्याला जाळी काढायची. आंधळं (भोकं नसलेलं) बास्केट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून धुणं, फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह (शॉटनंतर दाब बाहेर सोडणारा) असलेल्या मशीनलाच, माझ्यात आहे.

सध्याचे आकडे: १८ आत, ३८ बाहेर, अठ्ठावीस सेकंद, ९३ डिग्री, दुधासाठी अरेबिका ८० रोबस्टा २०. गणपतीत पाहुणे असणार, सिंगल बॉयलरवर ओळीनं दहा कॅपुचिनो म्हणजे शॉट, वाफ, परत थंड कर, परत शॉट, असं तासभर चालेल. म्हणून ठरवलंय की सगळे शॉट आधी ओळीनं काढायचे, दूध शेवटी एकदम मोठ्या जगमध्ये. ज्यांना थांबायचं नाही त्यांना आईचा चहा आहे. नवीन पाकिटाची ऑर्डर टाकली, रोस्टची तारीख १ सप्टेंबर, म्हणजे अकरा-बाराच्या आत फोडायचं नाही.